एव्हरनोटमधून ऑब्सिडियनमध्ये: एकही नोट न हरवता

वडिलांच्या ॲन्जिओग्राफीचा रिपोर्ट, शेताच्या सातबाऱ्याचा फोटो, भाडेकरार, मुलीच्या लसीकरणाच्या तारखा, आणि आईने फोनवर सांगितलेलं खोबऱ्याच्या वाटणाचं प्रमाण. २०१२पासून हे सगळं एव्हरनोट या नोट्स ठेवायच्या ॲपमध्ये साठत गेलं. चौदा वह्या, तीन हजारांच्या वर नोट्स.

पहिल्यांदा मी त्या एका रविवारी हलवल्या. सगळ्या वह्या एका दमात एक्स्पोर्ट केल्या, ऑब्सिडियन या नव्या ॲपमध्ये ओतल्या आणि काम झालं असं समजून चाललो. महिन्याभराने वाटणाचं प्रमाण हवं होतं. ‘खोबऱ्याचं’ असा शोध घेतला, काहीच आलं नाही. तेव्हा जी धडधड झाली ती अजून आठवते. नोट हरवली होती, की फक्त सापडत नव्हती? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण हलवण्याआधी किती नोट्स होत्या आणि नंतर किती आल्या, हे मी मोजलंच नव्हतं. नोट पुढे मिळाली. ती का सापडत नव्हती ते खाली सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती अडचण येणार आहे. सगळं काम मी पुन्हा पहिल्यापासून केलं, यावेळी मोजून. ती पद्धत इथे मांडतो आहे.

आधी एवढं ठरवा: हलायचं का, आणि कुठे

एव्हरनोट २००८ साली सर्वांसाठी खुलं झालं. नोव्हेंबर २०२२मध्ये मिलानच्या बेंडिंग स्पून्स कंपनीने ते घेत असल्याचं जाहीर झालं, आणि डिसेंबर २०२३पासून मोफत खात्याला ५० नोट्स आणि एक वही अशी मर्यादा आली. ज्यांच्याकडे त्याहून जास्त नोट्स होत्या त्यांना जुन्या नोट्स वाचता, बदलता आणि बाहेर काढता येत होत्या. नवी नोट मात्र करता येत नव्हती. पैसे भरून समाधानाने वापरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी हलायलाच हवं असं मी म्हणणार नाही. पण घरची कागदपत्रं पंधरा-वीस वर्षं सांभाळायची असतील, तर ती कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडतील अशा फाइलींत असावीत, हे माझं पक्कं मत आहे.

ऑब्सिडियन मी या एका कारणासाठी निवडलं. त्यात प्रत्येक नोट म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक साधी मजकूर फाइल असते, मार्कडाउनमध्ये लिहिलेली. मार्कडाउन ही २००४ साली जॉन ग्रुबर यांनी आणलेली खुणांची पद्धत: शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक, ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि जागा दिली की मथळा. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी या फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. ॲप वापरायला मोफत आहे. त्यांची स्वतःची सिंक सेवा, म्हणजे संगणक आणि फोनवरच्या नोट्स एकसारख्या ठेवणारी सोय, हवी असेल तर तिचे पैसे पडतात.

दुसरा चांगला पर्याय जॉपलिन. ते मुक्तस्रोत आहे, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमधून सिंक होतं आणि सिंक होणारा मजकूर कुलूपबंद ठेवता येतो. तुमच्या नोट्समध्ये वेबवरून कापून ठेवलेली पानंच जास्त असतील तर जॉपलिनचा आधी विचार करा, कारण ते एव्हरनोटची फाइल मार्कडाउन म्हणून किंवा एचटीएमएल (वेबपानं ज्यात लिहितात ती पद्धत) म्हणून, दोन्ही प्रकारे आत घेतं. पाककृतींची आणि लेखांची कापलेली पानं एचटीएमएलमध्ये बरीचशी मूळ रूपात टिकतात. मार्कडाउनमध्ये त्यांचे तक्ते विस्कटतात, विशेषतः ज्यांत दोन चौकटी एकत्र केलेल्या असतात ते.

मोजणी

एक कागद घ्या. खरोखरचा कागद, कारण ज्या दोन ॲपमध्ये उलाढाल चालू आहे त्यांपैकी एकातही ही यादी नको. डावीकडे प्रत्येक वहीचं नाव आणि तिच्यातल्या नोट्सचा आकडा लिहा. एव्हरनोटमध्ये वही उघडली की तो दिसतो. शेवटी एकूण बेरीज. उजवीकडे दोन रकाने रिकामे ठेवा, एक एक्स्पोर्टनंतरच्या आकड्याचा आणि एक नव्या ॲपमधल्या आकड्याचा.

त्याच कागदाच्या मागे दहा नोट्सची नावं लिहा. सगळ्यात जुनी, सगळ्यात नवी, सर्वांत जास्त फोटो असलेली, एक मोठी पीडीएफ असलेली, एक तक्ता असलेली, एक टिक करायच्या चौकटींची यादी, एक वेबवरून कापलेली, एक दुसऱ्या नोटची लिंक असलेली, आणि दोन अशा ज्या गेल्या तर तुम्हाला झोप लागणार नाही. पुढे हीच तुमची परीक्षा.

जुन्या घरातली आवराआवर, पण तेवढीच

घर बदलताना आपण सामान निवडून बाद करतो, तसं इथे करायचा मोह होतो. करू नका. हलवतानाच नोट्स काढून टाकल्या, वह्या एकत्र केल्या, टॅग बदलले, की मोजणीचा कागद निरुपयोगी होतो आणि एखादी नोट दिसली नाही तर ती तुम्ही काढली की वाटेत पडली हे कळायला मार्ग राहत नाही. नीटनेटकेपणा नव्या ठिकाणी गेल्यावर, सावकाश.

काही गोष्टी मात्र हलवण्याआधी करणं भाग आहे. त्या पुढीलप्रमाणे.

कुलूप लावलेला मजकूर आधी उघडा. एव्हरनोटमध्ये नोटमधला एखादा भाग पासवर्डने बंद करता येतो आणि तो एक्स्पोर्टमध्येही बंदच जातो. लॉकरचा क्रमांक, विम्याचं नॉमिनेशन असलं काही तिथे असेल तर ते जुन्या ॲपमध्येच उघडून, कायमचं कुलूप काढून ठेवा.

दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या नोट्स तुमच्या वहीत नसतात. त्यांची प्रत स्वतःच्या वहीत करून घ्या. कचरापेटीतल्या नोट्सही एक्स्पोर्ट होत नाहीत आणि नोटच्या जुन्या आवृत्त्याही येत नाहीत. हवं असेल ते आधी परत काढा.

मग शीर्षकं. इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. ऑब्सिडियनमध्ये नोटचं शीर्षक म्हणजेच फाइलचं नाव, आणि विंडोजवर फाइलच्या नावात तिरपी रेघ, विसर्गासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण चालत नाहीत. माझ्याकडे ‘७/१२ उतारा’ या नावाच्या डझनभर नोट्स होत्या. ती रेघ आत घेताना गळते किंवा तिच्या जागी दुसरं चिन्ह येतं, आणि सगळ्या नोट्स जवळपास एकाच नावाच्या होऊन त्यांना पुढे १, २, ३ असे आकडे लागतात. कुठल्या गटाचा उतारा कुठला हे मग फाइल उघडल्याशिवाय समजत नाही. आधीच ‘सातबारा, गट २१४, वरचं शेत’ असं नाव द्या. शीर्षक नसलेल्या नोट्सनाही दोन शब्दांचं नाव द्या.

लांब नावंही अडतात. विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हीकडे फाइलच्या नावाची मर्यादा २५५ आहे, पण विंडोज चिन्हं मोजतं आणि अँड्रॉइड बाइट मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा, पण आत दहा चिन्हं आणि ३० बाइट. म्हणजे फोनवर, फाइलच्या शेवटचं ‘.md’ धरून, साधारण ८४ चिन्हांच्या पुढचं मराठी नाव चालणार नाही. संगणकावर सगळं व्यवस्थित, फोनवर मात्र काही नोट्स गायब, असं दिसलं तर आधी हे तपासा. वेबवरून कापलेल्या बातम्यांची शीर्षकं हमखास एवढी लांब असतात.

बाहेर काढणं

हे काम संगणकावरच्या एव्हरनोटमधून करायचं, फोनवरून नाही. आधी सिंक पूर्ण होऊ द्या. मग डावीकडच्या यादीत वहीच्या नावावर उजवी क्लिक करून एक्स्पोर्ट निवडा आणि प्रकार म्हणून ई-एन-ई-एक्स, म्हणजे एव्हरनोटची स्वतःची फाइल. नोट्स एकेक निवडून बाहेर काढायला मर्यादा आहे, म्हणून अख्खी वही घ्या आणि प्रत्येक वहीची वेगळी फाइल करा. याचं कारण महत्त्वाचं आहे: या फाइलीच्या आत वहीचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. सगळ्या नोट्स एकाच फाइलीत काढल्या तर चौदा वह्यांची एक खिचडी होते. म्हणून फाइलीला वहीचंच नाव द्या. वह्यांचे गठ्ठे केले असतील तर तेही जात नाहीत. त्यासाठी गठ्ठ्याच्या नावाचा फोल्डर करून त्यात त्या फाइली ठेवा. टॅग जातात, पण टॅगच्या आतले टॅग सपाट होतात.

फाइल मूळ वहीपेक्षा मोठी दिसली तर घाबरू नका. फोटो आणि पीडीएफ हे अक्षरांच्या रूपात बदलून आत भरलेले असतात आणि त्याने आकार साधारण एक तृतीयांश वाढतो. ३०० एमबीच्या जोडफाइली असतील तर ४०० एमबीची फाइल होणार.

आता कागदावरचा दुसरा रकाना. ही फाइल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर आहे. ती नोटपॅड प्लस प्लस या साध्या एडिटरमध्ये उघडा आणि शोधाच्या खिडकीत कोनी कंसात ‘नोट’ हा इंग्रजी शब्द (<note>) टाकून ‘काउंट’ दाबा. प्रत्येक नोट या खुणेने सुरू होते, म्हणून आलेला आकडा हाच नोट्सचा आकडा. तो पहिल्या रकान्याशी जुळला नाही तर तिथेच थांबा आणि त्या वहीचा एक्स्पोर्ट पुन्हा करा. माझ्या एका वहीत ४१२ हव्या होत्या आणि ४०९ आल्या. सिंक अर्धवट होतं. तीन नोट्सचा फरक डोळ्यांनी कधीच दिसला नसता.

फाइल उघडलीच आहे तर नोटची तारीखही बघून घ्या. तारीख, मग वेळ, आणि शेवटी झेड हे अक्षर असतं. झेड म्हणजे ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत लिहिलेल्या नोटवर म्हणून आदल्या दिवसाची तारीख असते. रोजनिशी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. या मूळ फाइलींना यापुढे हात लावायचा नाही.

आत घेणं: आधी एकच वही

ऑब्सिडियन बसवा आणि नवा व्हॉल्ट तयार करा. व्हॉल्ट म्हणजे डिस्कवरचा साधा फोल्डर. सेटिंग्जमध्ये ‘कम्युनिटी प्लगइन्स’ (ॲपला जोडायच्या जादा सोयी) सुरू करून ‘इम्पोर्टर’ शोधा. तो ऑब्सिडियनच्याच मंडळींनी केलेला आहे. तो बसवून चालू केला की त्याच्या खिडकीत प्रकार म्हणून एव्हरनोट निवडा, फाइल दाखवा, नोट्स कुठल्या फोल्डरमध्ये जायच्या ते सांगा आणि इम्पोर्ट दाबा.

सगळ्यात छोटी वही आधी घ्या. तिच्यावर एक संध्याकाळ घालवा. फोटो दिसतात का, पीडीएफ उघडते का, चौकटीच्या याद्या टिक होतात का, टॅग आले का. ऑब्सिडियनच्या टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही आणि नुसत्या आकड्यांचा टॅगही चालत नाही, त्यामुळे ‘घर कागद’ आणि ‘2019’ यांचं काय झालं ते मुद्दाम बघा. मी नंतर ‘वर्ष-2019’ असे टॅग केले.

तारखा कुठे आल्या तेही पाहा. नोट कधी लिहिली हे फक्त फाइलीच्या तारखेवर अवलंबून असेल तर एखाद्या दिवशी फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवल्या की ती तारीख बदलू शकते. वडिलांच्या आजारपणाच्या नोंदींना तारखेशिवाय काही अर्थ नाही. म्हणून ज्या वह्यांत तारीख महत्त्वाची, त्या मी जॉपलिनमार्गे आणल्या: एव्हरनोटची फाइल जॉपलिनमध्ये घेतली आणि तिथून ‘मार्कडाउन व फ्रंट मॅटर’ या प्रकाराने बाहेर काढली. त्यात प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर नोट कधी तयार झाली आणि कधी बदलली हे मजकुरातच लिहिलेलं येतं. तो फोल्डर जसाच्या तसा व्हॉल्टमध्ये ठेवला की झालं. एक फेरा जास्त पडतो, पण तारीख नोटला कायमची चिकटते.

छोटी वही पसंत पडली की बाकीच्या एकेक करून. प्रत्येक वहीनंतर विंडोजच्या फोल्डरमध्ये एमडी (.md) या शेपटाच्या, म्हणजे मार्कडाउनच्या, फाइली शोधा, खाली आकडा दिसतो, तो तिसऱ्या रकान्यात. सगळ्या वह्या झाल्या की मागच्या पानावरच्या दहा नोट्स उघडून जुन्या ॲपशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा.

एका नोटचा दुसऱ्या नोटला दिलेला दुवा हा सर्वांत नाजूक भाग. काही दुवे शीर्षकावरून जुळतात, काही जुन्या एव्हरनोटच्या पत्त्यासकट तसेच राहतात. त्या पत्त्याची सुरुवात व्हॉल्टमध्ये शोधली की राहिलेले सगळे दुवे एका यादीत मिळतात. दोन चौकोनी कंस उघडून शीर्षक लिहायला लागलात की ऑब्सिडियन नोट सुचवतं, हातानेच जोडा. माझे साठेक होते, दोन संध्याकाळी गेल्या.

फोटोतल्या अक्षरांचा शोध मात्र येत नाही. एव्हरनोट फोटोतला मजकूर वाचून ठेवतं, ती ओळख वाटेत सुटते. पावत्यांचे फोटो त्या भरवशावर ठेवले असतील तर महत्त्वाच्या पावत्यांवर दुकान, तारीख, रक्कम अशी एक ओळ टाइप करून ठेवा.

खोबऱ्याचं वाटण का सापडत नव्हतं

हे दोन शब्द बघा: खोबऱ्याचं आणि खोबर्‍याचं. पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात नुक्ता असलेला ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्याला हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. कुठला कीबोर्ड पहिलं लिहितो, कुठला दुसरं. शोध घेणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द. नोट मी जुन्या संगणकावर लिहिली होती, शोध फोनवरून घेत होतो. दुसऱ्या, सातबाऱ्याचा, सोयऱ्यांना, कैऱ्यांचं, असे शेकडो शब्द आपल्या नोट्समध्ये असतात. आकड्यांचंही तेच: 2019 शोधलं तर २०१९ सापडेलच असं नाही.

तोवर शब्दाचा पहिला भागच शोधायची सवय ठेवा. ‘खोब’ शोधलं की दोन्ही येतात. पण खरा उपाय साध्या फाइलींमुळे शक्य होतो. व्हॉल्टची पूर्ण प्रत काढून ठेवा. मग नोटपॅड प्लस प्लसच्या ‘फाइंड इन फाइल्स’मध्ये जाऊन जुन्या नोटमधून र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह असा तुकडा कॉपी करून वर चिकटवा, खाली नवा ऱ् टाका, आणि सगळ्या एमडी फाइलींत बदल करा. एक काळजी घ्या: ज्या नोट्सच्या शीर्षकातच जुना र आहे, त्यांची नावं आधी ऑब्सिडियनमध्ये बदला. तिथे नाव बदललं की त्या नोटकडे येणारे दुवे आपोआप सुधारतात. उलट क्रमाने केलं तर दुव्यातला मजकूर बदलतो, फाइलचं नाव जुनंच राहतं आणि दुवा तुटतो.

हिशेबाच्या नोट्स असतील तर आणखी एक गोष्ट. मार्कडाउनमध्ये ओळीच्या सुरुवातीला वजाचं चिन्ह आणि मग जागा आली की ती यादीची बुंदकी होते. ‘- ५००’ ही उधारी बुंदकी लावलेले ५०० होऊन बसते. नवे हिशेब लिहिताना वजाला आकडा चिकटवून लिहा किंवा सरळ ‘देणे’ असा शब्द घाला.

फोन आणि जुनं खातं

आयफोन असेल तर आयक्लाउडमध्ये व्हॉल्ट ठेवता येतो. अँड्रॉइडवर ऑब्सिडियनला फोनमधला खरा फोल्डर लागतो, गूगल ड्राइव्हमधला थेट उघडत नाही. त्यासाठी ऑब्सिडियनची सिंक सेवा सर्वांत कमी डोकेदुखीची. एका व्हॉल्टवर दोन सिंक सेवा कधीच लावू नका, एकीने केलेला बदल दुसरी मागे नेते आणि एकाच नोटच्या दोन प्रती तयार होतात.

घरातलं कोणी गूगल कीप वापरत असेल तर त्यांचा रस्ता सोपा आहे. गूगल टेकआउट या आपला डेटा बाहेर काढायच्या सोयीत फक्त कीप निवडून झिप उतरवून घ्यायची. तोच इम्पोर्टर ती वाचतो.

जुनं खातं निदान तीन महिने तसंच ठेवा, पण त्यात नवं काही लिहू नका. आयकर, शाळेचे प्रवेश, विम्याचं नूतनीकरण यांपैकी एखादं तरी काम या काळात येतं आणि जुनी नोट लागतेच. ती नव्या ठिकाणी मिळाली की कागदावर खूण करा. नंतरच वर्गणी बंद करा, आणि ती जिथून भरली तिथूनच: प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्ले स्टोअरच्या वर्गण्यांमध्ये, ॲपलमधून घेतली असेल तर ॲपलच्या. ॲप फोनमधून काढून टाकलं तरी पैसे कापले जाणं थांबत नाही.